तूस, राख आणि अब्जांश कण

फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेले गाव. गोंदिया हा धानाचा जिल्हा आहे आणि शहराची ओळखच मुळी तांदळाच्या गिरण्यांची आहे. गिरणीत शंभर किलो धान भरडले की साधारण वीस किलो तूस निघते. हे तूस जनावरांना चारा म्हणून फारसे उपयोगी नाही. खताच्या खड्ड्यात टाकले तर ते लवकर कुजतही नाही. म्हणून ते बहुधा जाळले जाते. उसना तांदूळ करणाऱ्या गिरण्यांत बॉयलरखाली तूसच असते. वीस किलो तूस जळाले की चार किलोच्या आसपास राख उरते. कोठे ती पांढुरकी असते, कोठे करडी, कोठे काळी.

ही राख म्हणजे कचरा, असा आपला समज असतो. पण याच राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवून पिण्याचे पाणी गाळण्याचे साधन आपल्या राज्यात तयार झाले. आणि हीच राख वेगळ्या तऱ्हेने जळाली, तर तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरू शकते. एकाच पदार्थाची ही दोन रूपे कशी होतात, हे समजून घेतले की 'नॅनो' या शब्दाभोवतीचे बरेचसे धुके विरते. हा शब्द आता खताच्या बाटलीवर असतो, औषधांच्या बातमीत असतो आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतही असतो.

अब्जांश म्हणजे किती लहान?

एका मीटरचे अब्ज भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणूनच मराठीत 'नॅनो'ला अब्जांश असा शब्द रूढ झाला. १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना अब्जांश कण किंवा नॅनोकण म्हणतात. माणसाच्या केसाची जाडी पन्नास हजार ते एक लाख नॅनोमीटर असते. सामान्य जिवाणू हजार नॅनोमीटरच्या आसपास, अनेक विषाणू शंभरच्या आसपास, आणि आपल्या पेशीतील डीएनएच्या पिळाची जाडी दोन नॅनोमीटर. आपल्या हाताचे नख दर सेकंदाला साधारण एक नॅनोमीटर वाढते. हे वाक्य वाचून होईपर्यंत ते चार-पाच नॅनोमीटर वाढलेले असेल!

असे कण काही नवे नाहीत. दिव्यावर धरलेल्या काजळीत ते असतात, चुलीच्या धुरात असतात, डिझेलच्या धुरात असतात. मोटारीच्या टायरमध्ये मिसळलेली काजळीही याच जातीची. नवे आहे ते एवढेच, की आता माणूस हे कण हव्या त्या आकाराचे, हव्या त्या पदार्थाचे, मुद्दाम बनवू लागला आहे. अणू-रेणूंच्या पातळीवर वस्तू घडवता येतील, ही कल्पना रिचर्ड फाइनमन यांनी १९५९ च्या डिसेंबरात एका व्याख्यानात मांडली. 'नॅनोटेक्नॉलॉजी' हा शब्द जपानचे नोरिओ तानिगुची यांनी १९७४ मध्ये वापरला.

लहान झाल्याने काय बदलते?

पदार्थ तोच, फक्त तुकडे लहान. मग गुणधर्म का बदलावेत? हा प्रश्न विद्यार्थी विचारतात आणि तो अगदी योग्य आहे. उत्तर आहे भूमितीत.

एक सेंटिमीटर बाजूचा घन घ्या. त्याचे पृष्ठफळ ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे हजार घन केले, तर सगळ्यांचे मिळून पृष्ठफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. आता कल्पनेने त्याच घनाचे एक नॅनोमीटर बाजूचे घन करा. पृष्ठफळ होते ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर! बोटाच्या पेरावर मावणाऱ्या घनात धानाच्या दीड एकर बांधीइतका पृष्ठभाग. रासायनिक क्रिया पृष्ठभागावर होतात. म्हणून तेवढ्याच वजनाचा पदार्थ कितीतरी पट अधिक क्रियाशील बनतो.

दुसऱ्या बाजूने पाहू या. एका घनाच्या प्रत्येक कडेवर शंभर अणू आहेत असे समजा. एकूण अणू दहा लाख. त्यांतील सुमारे ५९ हजार, म्हणजे शेकडा सहाहून कमी, पृष्ठभागावर असतात. कडेवर दहाच अणू असतील तर एकूण हजारांपैकी ४८८, म्हणजे जवळजवळ निम्मे, पृष्ठभागावर येतात. कडेवर तीनच अणू घेतले तर सत्तावीसपैकी सव्वीस बाहेर आणि एकच आत! आतल्या अणूला चहूबाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूचे काही हात मोकळे असतात. अब्जांश कणात अशा मोकळ्या हातांच्या अणूंचे प्रमाण फार मोठे असते. हा खेळ वर्गात खडूच्या डब्या किंवा लाकडी ठोकळे रचून सहज करता येतो.

याखेरीज प्रकाशाशी आणि विजेशी असलेले नातेही बदलते. सोने पिवळे असते हे आपण जाणतोच, पण सोन्याचे वीसेक नॅनोमीटरचे कण पाण्यात असतील तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे यांनी १८५७ मध्ये अशा लाल द्रवांचा अभ्यास करून, हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांचाच आहे असे सांगितले होते.

तुसात सिलिका येते कोठून?

धानाच्या पातीने हात कापतो, हे रोवणी आणि कापणी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. त्या धारेचे कारण सिलिका, म्हणजे वाळूत असते तेच सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचे संयुग. धानाची मुळे मातीतील पाण्यात विरघळलेले सिलिसिक आम्ल शोषून घेतात. ते खोडातून वर चढते, पाणी उडून जाते आणि सिलिका पातीत, खोडात व तुसात साठते. तिच्यामुळे रोप ताठ उभे राहते आणि किडींना ते चावायला अवघड जाते.

तूस जाळले की सेंद्रिय भाग निघून जातो आणि सिलिका मागे उरते. नीट जळालेल्या राखेत ८५ ते ९५ टक्के सिलिका असते. म्हणजे एका क्विंटल धानामागे साडेतीन किलोच्या आसपास सिलिका आपण राख म्हणून बाहेर टाकतो.

येथे तापमानाला फार महत्त्व आहे. ५०० ते ७०० अंश सेल्सिअसला, हवा खेळती ठेवून, तूस जाळले तर सिलिकेचे रेणू अस्ताव्यस्तच राहतात. तिला अस्फटिकी सिलिका म्हणतात. जेथून सेंद्रिय द्रव्य जळून गेले तेथे बारीक पोकळ्या राहतात, म्हणून ही राख सच्छिद्र असते आणि तिचे पृष्ठफळ मोठे असते. तूस आधी सौम्य आम्लात धुऊन त्यातील पोटॅशियमसारखी द्रव्ये काढली आणि मग जाळले, तर पांढरीशुभ्र, अब्जांश कणांची सिलिका मिळवता येते. उलट तापमान ८००-९०० अंशांच्या वर गेले, तर सिलिकेचे रेणू शिस्तीने रांगा लावू लागतात आणि क्रिस्टोबलाइट नावाचे स्फटिक तयार होतात. राखेत पोटॅशियम असेल तर हे आणखी लवकर घडते. राखेच्या काळ्या रंगाचा अर्थ एवढाच, की त्यात न जळालेला कार्बन आहे. रंगावरून सिलिका स्फटिकी की अस्फटिकी हे खात्रीने सांगता येत नाही.

राखेचा गाळक

पुण्यातील टाटा संशोधन, विकास व संरचना केंद्रात तुसाच्या राखेपासून स्वस्त गाळक बनवण्याचे काम झाले. पहिला गाळक 'सुजल' या नावाने ओळखला गेला. त्यात राख, सिमेंट आणि खडे यांचा थर होता. पुढे या राखेवर चांदीचे अब्जांश कण बसवण्यात आले आणि डिसेंबर २००९ मध्ये 'टाटा स्वच्छ' हा घरगुती गाळक हजार रुपयांच्या आतल्या किमतीत बाजारात आला. त्याला वीज लागत नव्हती, नळाचे वाहते पाणीही लागत नव्हते. वरच्या भांड्यात ओतलेले पाणी राखेच्या नळकांड्यातून खाली झिरपे. साधारण तीन हजार लिटर पाणी गाळले की नळकांडे बदलावे लागे.

यात दोन कामे एकत्र होतात. सच्छिद्र राख गढूळपणा आणि काही सेंद्रिय द्रव्ये धरून ठेवते. चांदीच्या कणांवरून अगदी थोडे थोडे चांदीचे आयन सुटतात. ते जिवाणूंच्या आवरणाला आणि आतील प्रथिनांना चिकटून त्यांचे कार्य बंद पाडतात. कण जितका लहान, तितका पृष्ठभाग मोठा आणि आयन सुटण्याची गती अधिक. म्हणून अगदी थोडी चांदी पुरते. मात्र एक गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. अशा गाळकाने पाण्यात विरघळलेले फ्लोराइड, नायट्रेट किंवा क्षार जात नाहीत. हापशीच्या पाण्यात फ्लोराइड असेल, तर त्याचा उपाय वेगळा.

अब्जांश कण बनवण्याची एक सुंदर पद्धतही पुण्यातलीच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री, अबसार अहमद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बुरशी व वनस्पती यांच्याकडून हे काम करवून घेतले. २००४ मध्ये त्यांनी गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे त्रिकोणी, पातळ कण मिळवल्याचे प्रसिद्ध केले. पानांतील द्रव्ये सोन्याच्या क्षारातून सोने वेगळे करतात आणि कणांना आकारही देतात.

औषधांच्या क्षेत्रात तर हे कण रुळलेही आहेत. स्निग्ध पदार्थांच्या सूक्ष्म पिशवीत भरलेले डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरील औषध अमेरिकेत १९९५ मध्ये मान्य झाले. कोविडच्या साथीत आलेल्या एम-आरएनए लशींमध्ये नाजूक रेणूभोवती स्निग्ध पदार्थांचे अब्जांश कवच होते. या जातीची पहिली भारतीय लस पुण्याच्या जिनोव्हा कंपनीने बनवली. जून २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची मान्यता मिळाली.

जो गुण, तोच धोका

आता नाण्याची दुसरी बाजू. ज्या गुणामुळे हे कण उपयोगी, त्याच गुणामुळे ते कधी घातकही होतात. मोठा पृष्ठभाग जिवाणूशी जसा क्रिया करतो, तसा आपल्या पेशीशीही करू शकतो. लहान आकारामुळे कण पाण्यात आणि औषधात जसे उपयोगी पडतात, तसेच ते नको तेथे पोचूही शकतात.

सर्वांत धोक्याचा मार्ग म्हणजे श्वास. दहा मायक्रॉनहून मोठी धूळ बहुतेक नाका-घशात अडकते. अडीच मायक्रॉनहून लहान कण खोलवर जातात. अब्जांश कण थेट वायुकोशांपर्यंत पोचतात आणि त्यांतले काही रक्तातही उतरू शकतात. वायुकोशात भक्षक पेशींचा पहारा असतो. त्या कणांना गिळतात. कण विरघळणारा असेल तर प्रश्न मिटतो. पण तो न विरघळणारा, टोकदार किंवा स्फटिकी असेल, तर भक्षक पेशीच फुटते, दाह सुरू होतो आणि हळूहळू फुप्फुसात व्रण साठत जातात.

सिलिकेचे उदाहरण येथे फार बोलके आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर येथे पाटीवर लिहिण्याच्या पेन्सिली कापणाऱ्या अनेक कामगारांना ऐन तारुण्यात सिलिकोसिस झाला. ज्या पेन्सिलीने मुले अक्षरे गिरवत होती, तिचीच धूळ बनवणाऱ्याच्या छातीत बसली. ती धूळ अब्जांश नव्हती, मायक्रॉनच्या घरातली होती. पण धडा तोच आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये, कामाच्या जागी श्वासावाटे जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेला (क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट) माणसात निश्चित कर्करोगकारक अशा पहिल्या गटात घातले. अस्फटिकी सिलिका मात्र त्या गटात नाही. म्हणजे रासायनिक सूत्र एकच असले, तरी रचनेनुसार परिणाम बदलतो. नियंत्रित तापमानात जळालेली राख आणि भट्टीत अतितप्त झालेली राख यांना एकाच मापाने मोजता येत नाही, ते यामुळेच.

आकाराबरोबर आकृतीही महत्त्वाची असते. कार्बनच्या अब्जांश नळ्या फार मजबूत असतात. पण २००८ मध्ये एडिंबरो येथील शास्त्रज्ञांनी उंदरांवरील प्रयोगातून दाखवले, की लांब, ताठ नळ्यांचा परिणाम अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा होतो. लांब तंतू भक्षक पेशीला पूर्ण गिळताच येत नाही. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसा परिणाम केला नाही.

तिसरा मार्ग पाण्याचा. दुर्गंधी टाळण्यासाठी काही मोज्यांत चांदीचे अब्जांश कण घालतात. अमेरिकेतील अ‍ॅरिझोना स्टेट विद्यापीठात २००८ साली असे मोजे धुऊन पाहिले, तेव्हा काहींमधील चांदी थोड्याच धुण्यांत पाण्यात उतरली. गोंदिया-भंडारा हा मालगुजारी तलावांचा मुलूख. धुण्याचे पाणी शेवटी नाल्यातून तलावात जाते. चांदीचे आयन पाण्यातील सूक्ष्म जीवांना आणि माशांच्या पिल्लांना बाधक असतात. सांडपाण्यातील गंधकाशी संयोग झाला की चांदीचे सल्फाइड बनते आणि तिची विषारी शक्ती बरीच कमी होते, ही जमेची बाजू. पण जेथे सांडपाणी शुद्ध न होता सोडले जाते, तेथे या जमेवर विसंबता येणार नाही.

भीती मात्र सरसकट बाळगू नये. उन्हापासून रक्षण करणाऱ्या मलमांत झिंक ऑक्साइडचे अब्जांश कण असतात. निरोगी, अखंड त्वचेतून ते फारसे आत जात नाहीत, असेच आतापर्यंतचे पुरावे सांगतात. तेच कण फवाऱ्याच्या रूपात श्वासात गेले, तर गोष्ट वेगळी.

बाटलीतल्या खताचे गणित

आरोग्याखेरीज आणखी एक धोका असतो, तो खिशाला आणि पिकाला. 'नॅनो' हा शब्द दिसला की गणित विसरण्याचा धोका! इफ्को या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया आणला. अर्ध्या लिटरची बाटली ४५ किलोच्या पोत्याची जागा घेईल, असा दावा होता. विद्यार्थ्यांकडून हिशेब करवून घेऊ या.

युरियात ४६ टक्के नत्र असते. ४५ किलोत ते २०.७ किलो होते. सुरुवातीच्या नॅनो युरियात ४ टक्के नत्र होते, म्हणजे अर्ध्या लिटरमध्ये २० ग्रॅम. पुढे २० टक्क्यांचा प्रकार आला. त्यातही १०० ग्रॅमच. संस्थेचे म्हणणे असे, की जमिनीत टाकलेला युरिया बराच वाया जातो आणि पानांवर फवारलेले अब्जांश कण थेट आत शिरतात. पहिला भाग खराच आहे. धानाच्या बांधीत युरियाचा तिसरा हिस्साच जेमतेम पिकाला मिळतो. पण २०.७ किलोचा तिसरा हिस्सा म्हणजे सुमारे सात किलो. एक क्विंटल धान पिकायला दीड ते दोन किलो नत्र लागते. बाटलीतले नत्र शंभर टक्के शोषले गेले तरी ते ग्रॅममध्येच राहणार. लहान कण अधिक कार्यक्षम असू शकतो, पण तो नसलेले नत्र निर्माण करू शकत नाही.

लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे प्रयोग केले. नेहमीच्या नत्राचा निम्मा हिस्सा कमी करून त्याजागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा शिफारशीप्रमाणे पूर्ण नत्र दिलेल्या पिकाच्या तुलनेत धानाचे उत्पन्न सुमारे १३ टक्के आणि गव्हाचे २१ टक्क्यांहून अधिक घटले. २०२३ मध्ये कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनीही या दाव्यांना पुरेसा आधार नसल्याचे लिहिले. संस्थेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत आणि इतर ठिकाणच्या चाचण्यांत उत्पन्न वाढल्याचे आकडे पुढे केले. अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे? सगळ्या शेताचा युरिया एकदम बंद न करता एका बांधीत पाहावे, शेजारची बांधी नेहमीसारखी ठेवावी, आणि दोन्हींचे धान वेगवेगळे मोजावे. शास्त्रज्ञांची पद्धतही हीच असते.

विचारायचे चार प्रश्न

अब्जांश तंत्रज्ञान चांगले की वाईट, हा प्रश्नच आम्हाला बरोबर वाटत नाही. प्रत्येक वस्तूबाबत चार प्रश्न विचारावेत. कण बांधलेला आहे की मोकळा? राखेवर घट्ट बसलेली चांदी आणि हवेत उडणारी भुकटी यांत मोठा फरक आहे. तो शरीरात कोणत्या मार्गाने जाणार, श्वासाने, तोंडाने की त्वचेतून? तो विरघळतो की साठून राहतो? आणि वापर संपल्यावर तो कोठे जाणार?

या प्रश्नांची उत्तरे ग्राहकाला मिळावीत म्हणून नियम लागतात. युरोपात सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर अब्जांश घटकापुढे 'नॅनो' असे छापणे २०१३ पासून सक्तीचे आहे. भारतात जैवतंत्रज्ञान विभागाने २०१९ मध्ये अब्जांश औषधांसाठी आणि २०२० मध्ये शेती व अन्नातील अब्जांश पदार्थांसाठी मूल्यमापनाची मार्गदर्शक तत्त्वे तयार केली. मार्गदर्शक तत्त्वे म्हणजे सक्ती नव्हे, हा फरकही वर्गात सांगण्यासारखा आहे.

वर्गात करून पाहा

काचेच्या पेल्यात स्वच्छ पाणी घ्या, खोलीत अंधार करा आणि बाजूने विजेरीचा झोत सोडा. झोताची वाट दिसणार नाही. आता दुधाचे दोन थेंब टाका. वाट उजळेल, बाजूने निळसर दिसेल आणि समोरून तांबूस. दुधातील प्रथिनांचे शेकडो नॅनोमीटर आकाराचे पुंजके आणि स्निग्धाचे थेंब प्रकाश विखुरतात. डोळ्यांना न दिसणारे कण असे प्रकाशात पकडता येतात.

दुसरा उपक्रम गावातला. आपल्या परिसरातील तूस कोठे जाते, किती वापरले जाते, राख ओली करून झाकून नेतात की कोरडी उडते, राखेजवळ काम करणारे नाका-तोंडाला काय लावतात, याची विद्यार्थ्यांना नोंद करू द्या. नोंद दुरूनच करावी, राख उडवू नये. साध्या रुमालाने बारीक धूळ फारशी अडत नाही. चेहऱ्यावर घट्ट बसणारी एन-९५ मुखपट्टी मात्र अब्जांश कणही बहुतांश अडवते. कारण इतके लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी सरळ न जाता भरकटतात आणि तंतूंवर आदळून चिकटतात. राखेवर पाणी शिंपडणे हा तर त्याहूनही सोपा उपाय. तूस आपल्याकडे दरवर्षी निघणारच आहे. ते किती अंशांवर जाळायचे आणि त्याची राख कोणाच्या नाकात जाऊ द्यायची नाही, हे ठरवणे आपल्या हातात आहे.